रब्बीचं आवर्तन आणि विलायती होडी

डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं की मराठी माणूस आधी आपली रास बघतो आणि मग जोडून येणाऱ्या सुट्ट्या. रास जेमतेम असली तरी वर्ष निभावून नेता येतं. पण 26 जानेवारी रविवारी आली की पहिल्याच महिन्यात कुणीतरी आपल्याला लुबाडलं असं वाटतं. त्या साली ती शुक्रवारी आली. शुक्र, शनि, रवि. या तीन दिवसांचं काय करायचं यावर आम्ही चौघं महिनाभर व्हॉट्सअॅपवर भांडलो. कोकण म्हणणाऱ्याला गर्दी ऐकवली गेली, महाबळेश्वर म्हणणाऱ्याला वय. शेवटी ज्याला काहीच ठरवायचा हक्क नव्हता त्यानं सगळं ठरवलं.

चौघं म्हणजे मी, खजिनदार, डॉक्टर आणि रेडिंगकर. खजिनदार सहकारी बँकेत आहे. वर्गणी त्याच्याकडे जमा होते, आणि एकदा जमा झाली की ती बाहेर काढायला दोन जामीनदार लागतात. डॉक्टर जनावरांचा आहे. पण वाटेत कुणाचं काही दुखलं तर तेवढाही पुरतो. रेडिंगकर हे आडनाव नव्हे. हा गृहस्थ मूळचा सदाशिव पेठेतला, पण नोकरीपायी इंग्लंडात रेडिंग या गावी राहायला गेला आणि दुसऱ्याच वर्षी पुण्याला 'तुमचं पुणं' म्हणू लागला. दर हिवाळ्यात आईच्या हातचं जेवायला येतो आणि जेवण होईपर्यंत इंग्लंड कसं आहे ते सांगतो.

त्या वर्षी त्याच्या डोक्यात नदी शिरली होती. रेडिंग थेम्सच्या काठावर आहे. बँक हॉलिडेचा सोमवार आला की तिकडची मित्रमंडळी म्हणे होडी भाड्यानं घेतात, तिच्यात शेगडीपासून पलंगापर्यंत सगळा संसार असतो, आणि शनिवार ते सोमवार नदीतून हिंडतात. ताशी आठ किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा नियम आहे.

"तो आम्ही चाकणला रोज पाळतो," डॉक्टर म्हणाला.

रेडिंगकरनं तिकडे लक्ष दिलं नाही. थेम्सवर 45 लॉक आहेत, हे त्याला सांगायचं होतं. लॉक म्हणजे नदीतला जिना. होडी एका कोंडीत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि होडी अलगद वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. केवळ होड्यांना बरं पडावं म्हणून नदीला इतकी दारं बसवणारा देश पृथ्वीवर आहे, ही कल्पना आम्हाला पचवायला वेळ लागला. आमच्याकडे दारं असतात ती धरणाला, आणि ती उघडली की पेपरात बातमी येते. बँक हॉलिडेचा कायदा 1871 साली सर जॉन लबक यांनी पार्लमेंटात आणला आणि हे लबक स्वतः बँकर होते, हे कळल्यावर मात्र खजिनदार सरसावून बसला. डॉक्टर म्हणाला, "बँकवाल्यानं लोकांना बिनव्याजी काही दिल्याचा हा पहिला आणि शेवटचा दाखला."

जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' 1889 साली निघालं. तीन मित्र, एक कुत्रा आणि थेम्स. ते वाचून इंग्रज नदीवर जाऊ लागले की जाणारे होतेच म्हणून ते वाचलं गेलं, यावर रेडिंगकरची स्वतंत्र मतं आहेत आणि ती लांब आहेत. मुद्दा एवढाच, की त्यानं येताना सामानातून एक होडी आणली होती. हवा भरायची. घडी केल्यावर ती मोठ्या सुटकेसएवढी होते, आणि तिच्यासाठी आईला आणायचे स्वेटर त्यानं मागे ठेवले होते.

पाणी शोधायची वेळ आली तेव्हा डॉक्टरनं आपले मामा काढले. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या की. होडीचं बघू. पाणी असलं तर पाण्यात घालू."

आम्ही हसलो. पुण्याचा माणूस पेपर वाचतो आणि टीएमसीत विचार करतो. डिंभे म्हणजे सुमारे साडेतेरा टीएमसीचं धरण. त्यात एक रबरी होडी मावणार नाही?

गुरुवारी कचेऱ्या सुटल्यावर निघालो. चाकणबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते सगळं बसल्या जागी सुचलेलं असल्यामुळे त्याला प्रवासवर्णन म्हणता येणार नाही. खेडचा घाट उतरून मंचरला डावीकडे वळलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तेवढ्यात मामांचा फोन. "दारात गाडी लावा. हॉर्न वाजवा. मी बाहेर आल्याशिवाय उतरू नका." रेडिंगकरला हा ग्रामीण आदरातिथ्याचा प्रकार वाटला. मामा बाहेर आले ते हातात बॅटरी, काठी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात हरिपाठ लावून. आवाज असला की बिबट्या बाजूला होतो, हा इकडचा रोजचा हिशेब आहे. ऊस तुटायला लागला की त्यातला मुक्काम उठतो आणि जनावर वस्त्यांच्या कडेनं फिरू लागतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात हा थट्टेचा विषय राहिलेला नाही. इथे माणसं गेली आहेत. म्हणून आम्हीही हरिपाठाच्या मागोमाग, ओळीनं, एकमेकांना अजिबात न ढकलता घरात गेलो. त्या दहा पावलांत खजिनदार आमच्या मधोमध कसा आला, हे मात्र कुणालाच कळलं नाही.

सकाळी झेंडावंदन झालं. मामांच्या मांडीवर नातू आणि समोर आम्ही अंगणात, होडीची घडी उलगडत. बरोबर एक पायानं मारायचा पंप होता. माहितीपत्रकात दहा मिनिटं लिहिली होती. खजिनदारानं मारला, मी मारला, डॉक्टरनं मारला. होडी फुगली, पण एकाच अंगानं. दुसऱ्या अंगाला कान लावल्यावर आतून बारीक सुस्कारा ऐकू येत होता. विमानतळावर सामान उतरवणाऱ्यांपैकी कुणीतरी तिला आपला हिसका दाखवला होता.

घोडेगावच्या रस्त्याला एक पंक्चरवाला आहे. सुट्टीच्या दिवशीही त्याचं दुकान उघडं, कारण पंक्चरला सुट्टी नसते. त्यानं होडी पाण्याच्या टबात घालायचा प्रयत्न केला, ती मावेना. मग टबातलं पाणी होडीवर ओतलं. बुडबुडा दिसला. त्यानं कानस घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, ठिगळ बसवून वर हातोडीनं दोन टोले दिले. कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन त्यानं विचारलं, "किती भरू?" रेडिंगकर ब्रिटिश मापं सांगू लागला. "तसं नाय हो, पुढची का मागची?" त्याच्या लेखी हवा दोनच प्रकारची होती. डॉक्टर म्हणाला, "मागची भर. माणसं जड आहेत."

अशा रीतीनं होडी भरली, आणि मगच लक्षात आलं की भरलेली होडी आता गाडीत जाणार नाही. ती टपावर बांधली. आम्ही परत गावात शिरतो तो शाळेसमोर ग्रामसभा भरलेली. 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते. मंडपात पाण्याचाच विषय चालू होता, आणि नेमक्या त्या क्षणी मंडपाच्या बाजूनं टपावर निळी होडी घेतलेली पुणे पासिंगची गाडी हळूहळू सरकत आली. सभा थांबली. कुणीतरी म्हणालं, आपत्ती व्यवस्थापनवाले आले. दुसरा म्हणाला, जानेवारीत कसली आपत्ती, ही पर्यटनवाली माणसं. झालं. एक गृहस्थ तडक उठून गाडीपाशी आले आणि त्यांनी काचेवर टकटक केली.

"2018 ला जुन्नरला पर्यटन तालुका केला. आंबेगावानं काय घोडं मारलंय?"

हा प्रश्न वस्तुतः शासनाला होता, पण शासन समोर नव्हतं आणि आम्ही होतो. रेडिंगकरनं इंग्रजीत दिलगिरी व्यक्त केली. त्यामुळे आम्ही वरून आलो आहोत याबद्दल उरलासुरला संशयही फिटला. मामांनी मंडपातून हात जोडून "माझे पाहुणे आहेत" असं जाहीर केलं नसतं, तर आम्ही त्या दिवशी दोन-चार रस्ते मंजूर करूनच सुटलो असतो.

पाण्यापर्यंत पोचलो. म्हणजे जिथे पाणी असायला हवं होतं तिथपर्यंत. नकाशात निळं दिसत होतं, समोर हिरवं आणि तपकिरी होतं. भेगाळलेला गाळ, त्यावर हरभरा, गव्हाचे पट्टे, आणि खूप पुढे, डोळ्यांवर हात धरला तर दिसेल अशी पाण्याची रेघ.

"पाणी कुठे गेलं?" रेडिंगकरनं विचारलं.

"आवर्तन सुटलंय," मामा म्हणाले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या मुलखाचं गणित या एका गोष्टीत आहे. कुकडी प्रकल्पात पाच धरणं येतात: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि हे डिंभे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पाऊस पडतो, कुकडी, मीना, घोड या नद्यांतून तो धरणांत येतो, आणि मग पाटानं पूर्वेला निघतो. डिंभ्याचा डावा कालवा येडगावात पाणी नेऊन टाकतो. येडगावहून निघालेला कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापर्यंत जातो. जवळजवळ अडीचशे किलोमीटर. अख्खी थेम्स उगमापासून समुद्रापर्यंत साडेतीनशेच्या आत आहे. वर्षातून ठरावीक वेळा, पुढाऱ्यांच्या बैठका होऊन, खालच्यांनी 'सोडा' आणि वरच्यांनी 'सोडू नका' म्हणून झाल्यावर, ठरावीक दिवस पाणी सुटतं. त्याला आवर्तन म्हणतात. डिंभे-माणिकडोह बोगदा हा असाच आणखी एक विषय. तो मामांसमोर काढू नये, रात्र जाते. तात्पर्य, थेम्सचं पाणी होडीसाठी अडवून ठेवतात, आणि आमचं पाणी दुसऱ्याच्या उसासाठी सुटतं.

"तुम्हाला होडीच करायची असेल," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "तर करमाळ्याला जा. आपलं पाणी आठवडाभरात तिकडं पोचेल."

पण भरलेली होडी परत न्यायला रेडिंगकर तयार होईना. मग चौघांनी ती खांद्यावर घेतली. ऊन होतं म्हणून प्रत्येकानं डोक्याला टॉवेल बांधलेला. गाळातून जपून पाय टाकायचे, त्यामुळे चालही आपोआप मंद आणि गंभीर झाली. मामा पुढे वाट दाखवत, नातू मागे. गव्हात खुरपणी करणाऱ्या एका आजींनी मान वर करून आम्हाला पाहिलं, खुरपं खाली ठेवलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले.

"रामराम म्हणा," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला. कुणीच म्हणालं नाही. खजिनदार पुढच्या उजव्या खांद्याला होता. त्यानं जागा बदलून मागितली.

ही गाळपेरीची जमीन. पाणी जसं उतरतं तसतसं खाली सरकत पीक घ्यायचं आणि पुन्हा चढायच्या आत काढून घ्यायचं. धरणात जमिनी गेलेल्या माणसांच्या वाट्याला आलेला हा काठाकाठाचा संसार. ज्या तालुक्यात आम्ही होतो त्याचं नाव आंबेगाव, पण आंबेगावात कचेरी नाही. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव, आणि खुद्द जुनं आंबेगाव वरल्या अंगाला या धरणाच्या पाण्याखाली आहे. रेडिंगकरला हे खरं वाटेना. तिकडे ज्याच्या नावाचा परगणा ते गाव निदान जमिनीवर असतं.

पाण्याच्या काठाशी होडी ठेवली आणि तेव्हा मामांनी, इतका वेळ राखून ठेवलेलं, आपलं म्हणणं मांडलं. मास्तरकीची सवय, आधी प्रश्न. "या जलाशयाचं नाव काय?"

डॉक्टरनं भाचेपणानं उत्तर दिलं. "हुतात्मा बाबू गेनू सागर."

"बाबू गेनू कुठला?"

"म्हाळुंगे पडवळचा. आपल्याच तालुक्यातला."

"12 डिसेंबर 1930. मुंबईत कशासाठी गेला?"

"विलायती कापडाचा ट्रक अडवताना."

"आणि त्याच्या सागरात तुम्ही," मामांनी होडीवर काठी टेकवली, "विलायती होडी घालताय."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. मुद्दा बिनतोड होता. एवढ्यात खजिनदार, ज्याला कुठल्याही वस्तूवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय चैन पडत नाही, होडीच्या बुडाशी वाकला आणि म्हणाला, "मामा, ही चीनची आहे." मामांनी चष्मा लावून स्वतः खात्री करून घेतली. मग हरकत नाही म्हणाले. चीनबद्दल त्या जागी पूर्वीचा काही निर्णय नव्हता.

होडी दोघांची होती. पहिली पाळी रेडिंगकरची आणि, वर्गणी त्याच्या खिशात असल्यामुळे, खजिनदाराची. मामांचा कुत्रा तिसरा म्हणून बसवायचं ठरलं होतं, कारण जेरोमच्या होडीत कुत्रा आहे. कुत्र्यानं ठिगळाचा वास घेतला आणि तो घराकडे निघून गेला. आम्ही ती खूण तेव्हाच ओळखायला हवी होती, असं डॉक्टर अजून म्हणतो. जनावरांबाबत त्याचा शब्द शेवटचा.

वल्हवायचं कसं, हे रेडिंगकर काठावरच शिकवत होता. केंब्रिजला होडीच्या एका टोकाला उभं राहून बांबू मारतात, ऑक्सफर्डला दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना अडाणी समजतात. आपण बसून मारू. त्यांनी बसून मारलं. खजिनदार उजवीकडे जोरात, रेडिंगकर डावीकडे शास्त्रशुद्ध. त्यामुळे होडी जागच्या जागी दोन प्रदक्षिणा घालून आमच्याकडे तोंड करून थांबली. तिसऱ्या खेपेला सूर लागला आणि दोघं लांब गेले. पाणी खरोखर सुंदर होतं. सह्याद्रीचे कडे त्यात उलटे उभे होते, वर घार होती. रेडिंगकरचा आवाज येत होता: "अगदी हेन्लीसारखं!"

दुपार झाली की या खोऱ्यात वारा सुटतो. तो सुटला. भरलेल्या रबरी होडीला वजन नाही आणि बूडही नाही. तिला वारा लागला की ती होडी राहत नाही, शीड होते. आम्ही काठावरून पाहत होतो. दोघं आमच्याकडे येण्यासाठी जीव तोडून वल्ही मारत होते आणि तितक्याच जोमानं दूर जात होते. आरडाओरडा ऐकू येईना तेव्हा डॉक्टरनं फोन लावला.

"कुठे आहात?"

"पलीकडच्या काठाला लागलो. रस्त्यानं या घ्यायला."

मामा हसले. "रस्त्यानं? धरणाला वळसा घालून, वाटेत चार जणांना विचारत, अंधार पडेल जाईस्तोवर." समोरचा काठ दिसत होता, खजिनदाराचा लाल टॉवेल दिसत होता. पण पलीकडच्या वाड्या या रस्त्यानं नव्हे, पाण्यानं जवळ असतात. तिथल्या पोरांना शाळा, बायामाणसांना दवाखाना, सगळ्यांना घोडेगावचा बाजार, हे सगळं याच पाण्यावर मोजावं लागतं. आपण ज्याला नौकाविहार म्हणतो त्याला तिकडे 'पल्याड जाऊन येतो' म्हणतात, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

सुटका जाळी टाकायला आलेल्या नवरा-बायकोनं केली. त्यांची होडी म्हणजे मोठी चपटी पेटीच, पण ती वाऱ्यात आडवी होत नव्हती. बाई वल्हवत होत्या. नवरा जाळं चाचपत फोनवर कुणाशी तरी लग्नाच्या आहेराचं बोलत होता. दोघांनी आमच्या मित्रांना आपल्या होडीत घेतलं, निळी होडी दोरीनं मागे बांधली, आणि वाटेतली दोन जाळी उचलून, मासे काढून, जाळी पुन्हा टाकून मग त्यांना आणलं. कामाची वेळ होती. पाहुण्यांसाठी जाळी थांबत नाहीत.

काठाला लागल्यावर बाईंनी रेडिंगकरला विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"इंग्लंड."

"तिकडं नदी न्हाई व्हय?"

यावर रेडिंगकरनं थेम्सची 45 लॉकं सांगितली नाहीत. आमच्या मैत्रीच्या इतिहासात ही नोंद घ्यावी अशी घटना आहे. पैसे विचारले तर नवऱ्यानं हात हलवला. मग खजिनदारानं, सभासदांची मंजुरी न घेता, स्वतःहून दोन किलो चिलापी विकत घेतली. भावही केला नाही.

ते मासे त्या दिवशी शिजले नाहीत. मामींचा शुक्रवार होता. पण त्यांनी मासवडी केली होती, आणि मासवडीपुढे चिलापी काय! बेसन लसूण-मिरचीच्या फोडणीत घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, कांदा, कोथिंबीर यांचं सारण पसरून फडक्यासकट गुंडाळायचं आणि वरून बोटांनी अशी दाबत न्यायची, की माशासारखी कणा असलेली तिकोनी वळकटी तयार होते. मग वड्या. बरोबर बाजरीची भाकरी आणि असा रस्सा, की त्याचा पहिला घोट घेतल्यावर रेडिंगकरनं टेबलावर, म्हणजे जमिनीवर, दोन्ही हात टेकले. मामींनी त्याच्या ताटात आणखी एक वाटी ओतली. "पाण्यात भिजलायस, घाम येऊ दे."

दुसऱ्या दिवशी जुन्नर. होडी मामांकडेच ठेवली. तशी सूचना कुणी केली नाही. गाडीत बसताना तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, एवढंच. शिवनेरीच्या पायथ्यावरून गाडी माणिकडोहाच्या काठाकाठानं चावंडकडे गेली. तिथे पूर गावी कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे आणि तिथून कुकडी निघते. रेडिंगकर उगमाशी भाविकपणे उभा राहिला. थेम्सच्या उगमाला तो गेला होता. ग्लॉस्टरशरमध्ये एका शेतात झाडाखाली दगड रोवला आहे, आणि पाणी? पाणी तिथे बहुतेक वेळा नसतं.

"म्हणजे आवर्तन तिकडेही असतं," डॉक्टर म्हणाला.

कुकडीला थोडं पाणी होतं. खजिनदारानं तिला एका उडीत ओलांडलं आणि परत आला. हीच पुढे माणिकडोह भरते, येडगाव भरते आणि करमाळ्यापर्यंतच्या बैठका गाजवते, यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. इतक्या कमी भांडवलावर एवढी उलाढाल त्यानं पाहिली नव्हती.

नाणेघाटात मात्र तो खुलला. रेडिंगकर तिथे उलटा धबधबा शोधत होता. तो पावसाळ्यात, कोकणातून वर चढणारा वारा कड्यावरून पडणाऱ्या पाण्याला उचलून परत वर फेकतो तेव्हा दिसतो. जानेवारीत नुसता वारा होता आणि त्यानं रेडिंगकरची टोपी वर फेकली. खजिनदार गुहेत गेला तो बाहेरच येईना. भिंतीवर सातवाहनांच्या नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कुठला यज्ञ केला, त्यात दक्षिणा काय दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती. सगळे आकडे, आणि तेही भारतातल्या फार जुन्या कोरीव आकड्यांपैकी. "दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईनं खर्चाचा तपशील दगडात कोरून ठेवलाय," खजिनदार आमच्याकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही मला चहाची बिलं देत नाही." बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्यात पूर्वी नाणी टाकून घाट उतरायचे म्हणे. त्यानं आत वाकून पाहिलं. रिकामाच होता.

रविवारी सकाळी शिवनेरी चढलो. तिथे विनोद सुचत नाही, म्हणून तो भाग इथे नाही. ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतलं. देवळामागे येडगावचं पाणी होतं, चांगलं भरलेलं. डिंभ्याहून आमच्यापुढे सुटलेलं. रेडिंगकरनं त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं. खोडदला 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसल्या. अशा 30 तबकड्या या भागात पसरल्या आहेत आणि आकाशातल्या रेडिओ लहरींची कुजबुज ऐकत असतात. आणि त्याच शिवारालगत नारायणगाव, विठाबाईंचं, तमाशाच्या फडांच्या राहुट्यांचं. एकाच तालुक्यात इतकं हळू ऐकणारे आणि इतकं मोठ्यानं गाणारे शेजारी शेजारी नांदतात, याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही द्राक्षं घेतली, टोमॅटो घेतले, आणि चाकणला अडकून त्यातली निम्मी द्राक्षं तिथेच संपवली.

रेडिंगकर परत गेला. मार्चमध्ये मामांचा फोन आला. होडी कुणी न्यायला येणार आहे का, असं विचारत होते. घाई नाही म्हणाले. मामींनी ती गोठ्यासमोर सपाट जागेवर ठेवली आहे, नळाला पाणी आलं की भरून घेतात, आणि दोन म्हशी, एक रेडकू आणि तो कुत्रा तिच्यातून दिवसभर पाणी पितात. ठिगळ अजून टिकून आहे. शेजारणीनं पाहून गेल्यापासून तिलाही एक हवी झाली आहे, तर तुमच्या त्या मित्राला पुढच्या खेपेला आणखी एक आणता येईल का?

मी हे ग्रुपवर टाकलं. रेडिंगकरनं विचारलं, "पंप आणि वल्ही तरी नीट ठेवली आहेत ना?" डॉक्टरनं म्हशींची प्रकृती विचारली. खजिनदाराचं उत्तर सर्वांत उशिरा आलं. होडी आपल्या सामायिक खर्चातून दुरुस्त झालेली असल्यामुळे मामांकडून तिचं भाडं दुधात घ्यावं की तुपात, यावर सभासदांनी मत नोंदवावं, असं त्यानं लिहिलं होतं. खाली पंक्चरच्या पावतीचा फोटो जोडला होता.